न हरवणारी रांग

१

डेटा सेंटरमध्ये काम करणाऱ्या माणसाला "तुमी नक्की करता काय?" असं कुणी विचारलं की तो आधी एक सुस्कारा सोडतो. राजेश्वरीही सोडायची. कामोठ्याच्या सोसायटीत तिनं या प्रश्नाला एक तयार उत्तर ठेवलं होतं, "वायरींचं बघते." शेजारणींचं तेवढ्यावर भागायचं. मुलगी महाप्याला जाते, भर मे महिन्यात बॅगेत स्वेटर नेते आणि लग्नाचा विषय निघाला की लिफ्टचं बटण दाबते, एवढी माहिती त्यांना पुरेशी होती.

तिचं काम खरोखर समजलं होतं ते एकाच माणसाला, तिच्या वडिलांना. त्यांना ती आबा म्हणायची.

हौसेराव मूळचे पाटण तालुक्यातले, पण उभी नोकरी काढली न्हावा शेव्याच्या बंदरात, क्रेनखाली सिग्नलमन म्हणून. वर केबिनीत बसलेल्या क्रेनवाल्याला खालचं धड दिसत नाही. खालच्या माणसाचा हात हेच त्याचे डोळे. हा हात राजेश्वरीनं लहानपणापासून पाहिला होता. रस्ता ओलांडताना, गॅसजवळ जाताना, भांडताना आबा तोंडानं काही म्हणायचे नाहीत, फक्त तळवा समोर धरायचे, आणि पोरगी होती तिथं खिळायची.

"चल म्हनायचा अधिकार एकट्या शिग्नलमनला," ते सांगायचे. "पन थांब कुनीबी दाखवू दे. हमाल असू दे न्हाईतर चहावाला. डायवरनं थांबायचंच. का म्हनून इचारायचं न्हाई."

म्हणूनच नव्या कामाची गोष्ट तिनं त्यांना हौसेनं सांगितली होती. आजवर डेटा सेंटरात तारांचे दोन संसार होते. एका तारेवरून साधी ये-जा: ईमेल, फोन, वेबसाइटी. तिथं गर्दी झाली की काही तुकडे वाटेतच गळतात. गळले तर गळले, पुन्हा पाठवतात, कुणी सुतक पाळत नाही. दुसऱ्या तारेवरून कॉम्प्युटर आणि डिस्क यांचं बोलणं. तिथं एक तुकडाही गळून चालत नाही, बँकेचा हिशेब असतो तो. आता हे दोन्ही संसार एकाच तारेवर आणायचे होते. एकाच तारेवर आठ रांगा करायच्या, आणि त्यातली तिसरी रांग डिस्कसाठी राखून ठेवायची. तिच्यात काही हरवू द्यायचं नाही. पुढची जागा भरली की पुढच्यानं मागच्याला "थांब" म्हणायचं. मागच्यानं त्याच्या मागच्याला.

"कळंबोलीपातुर कंटेनर लागत्यात तसं," आबा म्हणाले.

"अगदी तसंच."

"आन् पुढच्यानं चल म्हटलंच न्हाई तर?"

राजेश्वरी हसली होती. "तसं होत नाही आबा. ते 'थांब' पापणी लवेपर्यंतच टिकतं. मग आपोआप सुटतं. अडवून ठेवायचंच असेल तर पुन्हा म्हणावं लागतं, परत पुन्हा, सारखं."

"म्हंजी कुनीतरी म्हनत ऱ्हायला पायजे." आबांनी मान हलवली. "त्यापरास आमचं बरं. एकदा हात केला की पुरं."

हे बोलणं झालं तेव्हा आबांना सलग दोन वाक्यं बोलण्याइतका दम होता. पुढं फुप्फुसं आटोपत आली. हॉस्पिटलवाल्यांनी डोकं हलवून "घरी न्या" म्हणून सांगितलं. घरी त्यांच्याजवळ राजेश्वरीची आई बाळाबाई दिवसभर बसायची, आणि सलाइन लावायला अक्षता नावाची सिस्टर यायची.

२

दोन्ही संसार एका तारेवर आणायच्या दिवशी सकाळी आबांनी स्वतःहून चहा मागितला. डोळे स्वच्छ होते. आईनं उंबऱ्याशी राजेश्वरीचा हात धरला.

"आज नगं जाऊस."

"आई, बरे दिसतायत की. दुपारपर्यंत येते."

दिवा विझण्याआधी मोठा होतो, हे आईला ठाऊक होतं. राजेश्वरीलाही होतं. पण बँकेचं काम तिच्या नावावर होतं आणि त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

महाप्याला यंत्रांच्या हॉलमध्ये दिवे माणूस चालेल तसे पेटतात आणि तो पुढं गेला की मागचे विझतात. पायाखालच्या फरशा पोकळ असतात, त्यांच्या भोकांतून गार वारा वर येतो. यंत्रांच्या शेवटच्या कपाटाजवळची एक फरशी सैल होती. तिच्यावर पाय पडला की "खट्" वाजायची. तिथंच भिंतीवर एक फोन होता. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागायचा, म्हणून घरचं काही निकडीचं असलं तर खालचा सिक्युरिटीवाला तिथं जोडून द्यायचा. त्या फोनची लाइनही तिनं त्याच सकाळी घाईघाईनं नव्या तारेवर घेतली होती.

शेवटचा बदल करायला ती बसली आणि फोन वाजला.

"राजू..."

"आबा? तुम्ही कसे? आई कुठंय?"

पंख्यांच्या घोंघाटात तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं.

"राजू, येतो गं मी."

चारच दिवसांपूर्वी आबा पलंगावरून उतरून चपला शोधत होते. भ्रमात होते. राजू स्टॉपवर उतरली असेल, तिला आणायला जायचं, म्हणत होते. ती नोकरीला लागली तेव्हापासूनचा त्यांचा शिरस्ता होता. उशीर झाला की फोन करायचे, "तितंच थांब, मी घ्यायला येतो." राजेश्वरीला वाटलं, पुन्हा तेच. सलाइन तोडून निघाले की काय.

"आबा, थांबा!" ती ओरडलीच. "अजिबात येऊ नका. तिथंच थांबा, मी येते घ्यायला."

पलीकडून घरच्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू आली. ऐकलं त्यांनी, असं समजून तिनं फोन ठेवला, जागेवर जाऊन शेवटची कळ दाबली आणि बँकेच्या डिस्कही तिसऱ्या रांगेत आल्या.

घरी जाताना बस तुर्भ्याच्या पुलावर चढत होती तेव्हा तिला उमगलं. मराठी माणूस निघताना "जातो" म्हणत नाही. ती स्वतः सकाळी उंबऱ्यात "येते" म्हणाली होती. आबांनी निरोप मागितला होता आणि तिनं त्यांना ओरडून थांबवलं होतं. बसमध्ये माणसं होती म्हणून, नाहीतर ती मोठ्यानं रडली असती.

३

आबा गेले नव्हते.

ते उशीला टेकून बसले होते. डावा हात कानाशी, हातात आईचा मोबाइल. उजवा हात पांघरुणाबाहेर किंचित उचललेला, निरोपाला उचलतात तसा. डोळे उघडे. छाती भरलेली होती, श्वास आत घेऊन झाला होता आणि बाहेर सोडायचा राहिला होता.

"तवापास्नं असंच हायत," आई म्हणाली. "आन् त्यो फोन बी बंद हुईना."

राजेश्वरीनं मोबाइल हळूच काढून घेतला. कॉल चालूच होता. तिनं तर तिकडचा फोन ठेवला होता. वेळ दाखवणारे आकडे एका सेकंदावर उभे होते. तिनं लाल बटण दाबलं, दाबून धरलं, शेवटी नाद सोडला. बॅटरीचा आकडाही हलत नव्हता. हँग झाला असेल, असं ती स्वतःला म्हणाली. हँग होणारे फोन तिनं थोडे पाहिले होते का?

सेक्टरमधले डॉक्टर आले. त्यांनी स्टेथोस्कोप आबांच्या छातीवर ठेवला आणि घड्याळाकडे पाहत राहिले.

"ठोका लागतोय," ते म्हणाले. "म्हणजे एक लागला. दुसरा..."

ते थांबून राहिले. मग स्टेथोस्कोपची गुंडाळी करून बॅगेत टाकली. "कोमा म्हणू या सध्या," असं म्हणून त्यांनी चहाही न घेता चपला घातल्या.

अक्षतानं नवं सलाइन लावलं. बाटलीखालच्या नळीत एक थेंब जमला, टपोरा झाला आणि लोंबत राहिला. पडेना. तिनं नळी टिचकावली, सुई बदलली, सगळा सेट बदलला. नव्या सेटमध्येही थेंब जमला आणि तसाच लोंबकळला.

"मॅडम, बाटली चांगली आहे हो," ती कुजबुजली. "हे बघा." नळी आबांच्या हातापासून काढली तसे थेंब भराभर पडून चादर भिजली. पुन्हा जोडली की थांबले.

राजेश्वरी त्या थेंबाकडे बघत राहिली. पुढची जागा घ्यायला तयार नसेल तर मागच्यानं थांबायचं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मन मात्र म्हणत होतं, असलं काही माणसात होत नसतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता आली, पण पलंगाजवळ गेली नाही. "माझा हात तिथं जड होतो," म्हणाली. त्यानंतर ती आलीच नाही, फोनही उचलेना.

४

महाप्याला सगळं सुरळीत होतं. बँक खूश, साहेब खूश. आशुतोष, तिचा जोडीदार, पेढे मागत होता.

"राजे, एक बघ गंमत," तो तिला स्क्रीनकडे बोलावून म्हणाला. "शेवटच्या कपाटातला हा एक पोर्ट. याच्यावर सारखे 'थांब' येतायत. नंबर बघ कसा पळतोय."

राजेश्वरीनं पाहिलं. भिंतीवरच्या फोनची वायर ज्या भोकात खुपसली होती, तोच हा पोर्ट.

साध्या फोनला "थांब" म्हणता येत नाही. त्याच्यात तेवढी अक्कलच घातलेली नसते. आणि त्याचा आवाज जायला हवा होता साध्या रांगेतून, जिथं एखादा शब्द गळला तर गळू देतात. तिनं स्क्रीनवर त्याची मांडणी उघडली आणि दोनदा वाचली. त्या सकाळच्या घाईत फोनची लाइन तिनं तिसऱ्या रांगेत टाकली होती. नवख्या पोरानंही करू नये अशी चूक. आबांना म्हटलेला तो शब्द, न हरवणाऱ्या रांगेतून गेला होता.

"काउंटरचा लोचा आहे," आशुतोष म्हणाला. "लोड नको घेऊ."

ती उठून हॉलमध्ये गेली. तिच्या पुढं पुढं दिवे पेटत गेले, मागं विझत गेले. सैल फरशी खट् वाजली. तिनं फोनची वायर पोर्टातून काढून जमिनीवर टाकली. परत येऊन बघते तर आकडा पळतच होता. रिकाम्या भोकातून कुणीतरी "थांब" म्हणत होतं. ते पापणी लवेपर्यंतच टिकतं, म्हणून ते पुन्हा, पुन्हा, न दमता म्हणत होतं.

"सरळ रिसेट मार ना," आशुतोषनं बिस्किटाचा पुडा फोडत सांगितलं. "रांगेत जे अडकलंय ते ड्रॉप होईल. विषय संपला."

"ड्रॉप होईल म्हणजे कुठं जाईल?"

आशुतोष तिच्याकडे बघून हसला. "असं काय विचारतेस? कुठंच नाही जात. ड्रॉप म्हणजे ड्रॉप. गायब."

त्यानं कीबोर्डकडे हात नेला आणि राजेश्वरीनं त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की त्याच्या हातातलं बिस्किट मोडलं.

"नको," ती म्हणाली. "माझं काम आहे, मी बघते."

आशुतोषनं मनगट चोळलं. "राजे, घरी सगळं ठीक आहे ना? सुट्टी घे हवी तर."

ती सांगणार तरी काय होती? माझे वडील तारेत अडकलेत, असं?

५

घरात आता वाळत घातलेलं वाळत नव्हतं. आबांच्या खोलीत दोरीवरचा टॉवेल तसाच ओला होता, कोपऱ्यातून पाणी ठिबकायच्या बेतात. उदबत्तीचा धूर पलंगाकडे जाऊन हवेत जाडसर उभा राहत होता. दार लावून घेतलं की बाहेरच्या खोलीत सगळं नेहमीसारखं असे. कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या, खाली भाजीवाल्याची हाळी. त्यानं तर तिला जास्तच भीती वाटायची.

आई मात्र तिथून हलायला तयार नव्हती. "त्यांना एकटं कसं टाकू?" म्हणायची. वाटीत पाणी घेऊन चमच्यानं ओठ ओले करत बसायची. बोलता बोलता तिचं वाक्य अर्ध्यावर उभं राहायचं, मग जरा वेळानं तिथूनच पुढं चालू व्हायचं. तिच्या ते ध्यानात यायचं नाही. राजेश्वरीच्या यायचं.

"त्यांचा जीव अडकलाय," आई एकदा म्हणाली. "येतो म्हनाले तवा तू काय म्हनालीस?"

राजेश्वरीनं सांगितलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. आईनं नुसता चमचा वाटीत ठेवला.

"अगं, येतो म्हनल्यावर 'या' म्हनायचं असतंय," ती म्हणाली. "एवढं बी शिकिवलं न्हाई व्हय मी तुला?"

राजेश्वरी पलंगाशी गेली. आबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "या आबा." मग पुन्हा म्हणाली. पाया पडली. त्यांचा उचललेला हात हातात घेऊन रडत रडत म्हणाली. हात ऊनही नव्हता, गारही नव्हता. आबा तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष उशीवरच्या मोबाइलकडे होतं, तिथून कुणी काही सांगतंय आणि ते ऐकतायत असं.

बंदरात खाली उभं राहून कुणी कितीही ओरडलं तरी वरच्या केबिनीत ऐकू जात नाही. ज्या वाटेनं "थांब" गेलं, त्याच वाटेनं "चल" जावं लागतं. हा विचार तिला वेडगळ वाटला आणि तरी तिनं तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन खोलीत गेली. आई पलंगाच्या कडेला बसली होती. चमचा आबांच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता.

"आई, चहा."

चमच्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. आईचे डोळे उघडे होते. पदर खांद्यावरून घसरता घसरता राहिलेला होता.

राजेश्वरीच्या हातातला कप फुटला. ती "आई, आई" करत तिला गदागदा हलवायला धावली, तिनं आईच्या बोटांतून चमचा ओढला, आणि तिला जाणवलं की आपली बोटं मिटली आहेत आणि उघडत नाहीयेत. क्षणभरच. मग उघडली. पण त्या क्षणात तिनं काहीच विचार केला नव्हता, घाबरलीसुद्धा नव्हती. ती नव्हतीच. ही गोष्ट तिला सगळ्यात भयंकर वाटली.

पुढचे आबा. मागची आई. आईच्या मागं आता तीच होती.

ती तशीच घरातून पळाली, अंगावरच्या कपड्यांनिशी. कळंबोलीच्या चौकात कंटेनरांची रांग लागली होती. इंजिनं बंद, ड्रायव्हर स्टिअरिंगवर माना टाकून. रोजचंच दृश्य ते. तरी रिक्षा त्यांच्या कडेनं जाईपर्यंत तिनं एकही ड्रायव्हर हलताना पाहिला नाही, आणि मग तिनं डोळे मिटून घेतले.

६

दुपारची जेवणाची वेळ होती. आशुतोष कँटीनमध्ये गेला होता. हॉलमध्ये कुणी नव्हतं. ती चालली तशी दिव्यांची ओळ तिच्याबरोबर चालली. शेवटच्या कपाटापाशी फरशी खट् वाजली.

तिनं भिंतीवरचा फोन उचलून कानाला लावला.

घरचा पंखा. त्याची कुरकुर सुरू झाली होती आणि संपत नव्हती, एकच स्वर लांब ताणलेला. त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. शिलाई मशीन चालावं तसं भराभर. तिनं कान घट्ट दाबला. तो तिचाच आवाज होता. "थांबा थांबा थांबा थांबा." त्यात काळजी नव्हती, माया नव्हती. ऑफिसातली घाई तेवढी होती.

त्याच वेळी तिची नजर खाली गेली. फोनची वायर तिनं परवा काढली होती ती तशीच जमिनीवर पडली होती, कशालाच जोडलेली नव्हती.

खाली ठेव आणि पळ, असं तिला आतून कुणीतरी सांगत होतं. पण चमच्याच्या टोकाचा थेंब डोळ्यांपुढून जाईना.

"आबा," ती म्हणाली. "मी राजू. चुकलं माझं. मला कळलंच नाही तुम्ही काय म्हणालात ते. मी थांबवणार नाही आता." तिला हुंदका आवरेना. "या आबा. या तुम्ही."

तो भराभर चालणारा आवाज तुटला. पंख्याची कुरकुर पुरी झाली, दुसरी सुरू झाली. कुणीतरी खूप दिवस कोंडलेला श्वास सोडला, लांब, अगदी शेवटापर्यंत. मग आईच्या बांगड्या वाजल्या.

"अगंबाई, ह्यो कप कुनी फोडला?" आईचा आवाज. मग गडबड, मग एक हंबरडा. "राजू! हायस का फोनवर? राजू, गेले गं तुजे आबा!"

राजेश्वरी भिंतीला टेकली आणि रडली. वडील गेल्याचं दुःख होतंच, पण आईचा आवाज ऐकून झालेला आनंद त्याहून मोठा होता, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

"त्रास झाला का गं त्यांना?"

"न्हाई बाई. लई शांत गेले." आई नाक ओढत म्हणाली. "माज्याकडं न्हाई बघितलं. फोनकडंच बघितलं. तुजं 'या' ऐकलं आन् हसले. म्हनाले, 'आलोच.'"

"काय म्हणाले?"

"आलोच, म्हनाले. आन् मान टाकली."

राजेश्वरीचं रडणं थांबलं. निघणारा माणूस "येतो" म्हणतो. "आलोच" तो म्हणतो, ज्याला आपण बोलावलेलं असतं.

हॉलच्या पार दुसऱ्या टोकाचा दिवा पेटला.

आशुतोष असेल, जेवून आला असेल, असं तिच्या मनात आलं. पुढचा दिवा पेटला, मागचा विझला. पावलं जड होती, बंदरात घालतात तसल्या बुटांची. पोकळ फरशांवर ती सावकाश वाजत होती आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

"आशुतोष?"

पावलं येतच राहिली. बाहेर जायचं दार तिच्या उजव्या हाताला होतं. फार लांब नव्हतं. तिनं दाराकडे वळून पाऊल उचललं.

दोन कपाटांच्या मधून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंतच दिसला. तळवा तिच्याकडे, बोटं मिटलेली.

या हातासमोर ती लहानपणापासून थांबत आली होती. का म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"राजू, ये गं लवकर घरी," आई फोनवर रडत होती. आणि त्याच फोनमधून, आईच्या आवाजाच्या अगदी शेजारून, दुसरं कुणीतरी मायेनं म्हणालं, "तितंच थांब राजू. मी घ्यायला येतो."

"आले" म्हणायला राजेश्वरीनं तोंड उघडलं होतं. छाती भरली होती. उचललेलं पाऊल फरशीपासून वीतभर वरच राहिलं. शेवटच्या कपाटापाशी, तिच्या अगदी जवळ, सैल फरशी खट् वाजली.

तिच्या कानाशी धरलेल्या फोनमधून आई किती तरी वेळ "हॅलो, राजू, बोल की गं, राजू" करत राहिली, आणि त्यातला एकही शब्द हरवला नाही.